नव्या उबुंटूवर ऑफलाइन इलेक्ट्रम: एका लायब्ररीपायी वायफाय चालू करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, तेव्हा प्रश्नकर्त्यांनी एक्स्चेंजवरचे आपले बिटकॉइन काढून एका जुन्या लॅपटॉपवरच्या वॉलेटमध्ये ठेवले. लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) १८.०४, त्यात सध्या इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटच्या सॉफ्टवेअरची ३.३.८ आवृत्ती, आणि इंटरनेट कधीच जोडलेलं नाही. व्यवहार बघायला घरच्या विंडोज संगणकावर त्याच आवृत्तीचं 'वॉच-ओन्ली' वॉलेट, म्हणजे ज्यात किल्ल्या नाहीत, नुसता हिशेब दिसतो असं. आता जुन्या लॅपटॉपचा पडदा लुकलुकतो, म्हणून दुसऱ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलं. पेनड्राइव्हवर पडून असलेली इलेक्ट्रम ४.०.९ ची ऍपइमेज त्यावर नेली, डबल क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही. एररही नाही. शोधल्यावर कळलं की एक लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारी मदतीची फाइल, कमी आहे. त्यांचा प्रश्न: "पाच मिनिटं मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ती लायब्ररी घेतली आणि लगेच तोडलं, तर चालेल का? अजून त्या लॅपटॉपवर बारा शब्द टाकलेले नाहीत."

शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण वॉलेटच्या किल्ल्या त्या बारा शब्दांतूनच, म्हणजे सीडमधूनच, तयार होतात आणि ते टाकले नसल्यामुळे तुमचं अजून काहीही बिघडलेलं नाही. तरीही माझं उत्तर 'नको' असंच आहे. पाच मिनिटांत कोणी चोर आत शिरेल म्हणून मी हे सांगत नाही. ही पाच मिनिटं एकदाच येत नाहीत, ही खरी अडचण आहे. आज लायब्ररी, उद्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, परवा 'फक्त घड्याळ जुळवायला'. मी स्वतः २०१९ मध्ये हेच केलं होतं. क्यूआर स्कॅन होईना, म्हणून सीड टाकून झालेल्या ऑफलाइन लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडला, एक पॅकेज घेतलं आणि तोडला. पाठोपाठ सिस्टिमने आपणहून अपडेट खाली ओढायला सुरुवात केली होती, हे मला दोन दिवसांनी लॉगमध्ये दिसलं. पैसे गेले नाहीत. पण त्या यंत्रावरच्या किल्ल्या 'कधीच नेटवर नव्हत्या' असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. शेवटी सगळं पुसून नवीन सीड काढलं आणि सगळी रक्कम नव्या पत्त्यांवर हलवली. त्यात फी गेली, शनिवार-रविवार गेला आणि घरच्यांची बोलणी बसली ती वेगळीच.

तर आता वायफायला हात न लावता हे कसं सोडवायचं ते बघू.

आधी नेमकं काय होतंय ते. ऍपइमेज म्हणजे एकाच फाइलमध्ये गुंडाळलेलं आख्खं सॉफ्टवेअर. पायथन, क्यूटी, बिटकॉइनच्या सह्या करणारी लिबसेकपी२५६के१ लायब्ररी, सगळं आत. फाइल चालवली की ती स्वतःला एखाद्या सीडीसारखी माउंट करते आणि आतला प्रोग्रॅम सुरू करते. हे माउंट करण्यासाठी ती फ्यूज नावाच्या यंत्रणेची दुसरी पिढी, म्हणजे लिबफ्यूज२, शोधते. उबुंटू २२.०४ पासून डेस्कटॉपवर तिसरी पिढी येते आणि दुसरी आपोआप बसवलेली नसते. म्हणून ऍपइमेज मुकाट्याने मरते. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून तीच फाइल तिथून चालवलीत तर 'लिबफ्यूज डॉट एसओ डॉट २' सापडत नाही असं ती स्पष्ट सांगेल. ऑफलाइन यंत्रावर काहीही रुसलं तर डबल क्लिक करत बसू नका, टर्मिनलमधून चालवा. निम्मी उत्तरं तिथेच लिहिलेली असतात.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये असतो आणि त्यावर 'ही फाइल चालवायची परवानगी आहे' ही खूण टिकत नाही. फाइल आधी घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची कळ चालू करा. ही कळ बंद असल्यामुळे दोन-दोन दिवस डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे ऍपइमेज माउंट करण्याच्या भानगडीत न पडता ती उलगडूनच टाकायची. टर्मिनलमध्ये फाइलचं नाव, मग जागा सोडून दोन डॅश आणि त्यांना चिकटून 'ऍपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' हा शब्द, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. ती शेजारी 'स्क्वॉशएफएस-रूट' नावाचं फोल्डर तयार करते. आत 'ऍपरन' नावाची फाइल असते, ती चालवली की इलेक्ट्रम उघडतं. काही बसवायचं नाही, ऍडमिनचा पासवर्ड नाही, फ्यूज नाही. फक्त क्रम चुकवू नका: डिजिटल सही तपासायची ती मूळ ऍपइमेजची, आणि उलगडायची त्यानंतर. एकदा उलगडल्यावर त्या शेकडो सुट्या फाइलींवर कोणाचीच सही नसते.

दुसरा उपाय म्हणजे लायब्ररीच पेनड्राइव्हवरून नेणे. २४.०४ मध्ये तिचं नाव बदलून 'लिबफ्यूज२टी६४' झालं आहे, म्हणून जुन्या लेखांमधलं नाव वाचून शोधलंत तर गोंधळाल. त्या टी६४ मागे एक गंमत आहे. जुन्या ३२-बिट रचनेत वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार आहे. त्याची तयारी म्हणून शेकडो पॅकेजं नव्याने बांधली गेली आणि त्यांच्या नावाला ही शेपटी लागली. ६४-बिट लॅपटॉपवर त्याने व्यवहारात काही फरक पडत नाही, नाव तेवढं वेगळं.

ही फाइल आणायची कशी? गुगलवर शोधून जिथे मिळेल तिथून डेब फाइल (उबुंटूचं पॅकेज) उचलू नका. ज्या पेनड्राइव्हवरून तुम्ही २४.०४ बसवलंत, त्याच पेनड्राइव्हने घरचा नेटवाला संगणक 'ट्राय उबुंटू' प्रकारे सुरू करा. तिथे ऍप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज आणणाऱ्या साधनाला, ते पॅकेज बसवायला न सांगता फक्त 'डाउनलोड' करायला सांगा. ऍप्ट स्वतः उबुंटूच्या सहीशी पडताळून फाइल देतं आणि आवृत्तीही तुमच्या ऑफलाइन यंत्राशी जुळणारीच मिळते. या लायब्ररीमागे दुसऱ्या पॅकेजांची रांग नाही, मूळ सी लायब्ररी तेवढी लागते आणि ती असतेच. फाइल ऑफलाइन यंत्रावर न्या आणि टर्मिनलमधून डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने बसवा. २४.०४ नवीन आली तेव्हा तिच्या ऍप सेंटरला बाहेरून आणलेली डेब फाइल डबल क्लिकने बसवताच येत नव्हती, म्हणून टर्मिनल म्हणतोय.

आणि इथे एक खड्डा आहे. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज बसवू नका. जुन्या काळच्या उत्तरांमध्ये तेच सांगितलेलं असतं. २२.०४ आणि पुढच्या उबुंटूवर ते बसवताना नवं फ्यूज३ उपटून काढलं जातं आणि त्याबरोबर डेस्कटॉपची महत्त्वाची पॅकेजंही जाऊ शकतात. लिबफ्यूज२ चालेल, फ्यूज नको. नावात तीन अक्षरांचा फरक आहे आणि परिणाम रात्रभराच्या कामाइतका.

काही जण म्हणतील की ऍपइमेज सोडा, मूळ पायथन कोड घ्या आणि चालवा. तुमच्याकडच्या ४.०.९ बाबतीत हा सल्ला ऐकू नका. ती २०२० ची आवृत्ती आहे. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे, आणि मधल्या काळात पायथनने बऱ्याच जुन्या गोष्टी काढून टाकल्या, डिस्टयुटिल्स या जुन्या बांधणीच्या साधनासकट. शिवाय ते जुनं इलेक्ट्रम लिबसेकपीची शून्य क्रमांकाची आवृत्ती शोधतं आणि २४.०४ मध्ये त्यापुढची असते. एक दार उघडलं की पुढचं बंद. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, काही बसवायला गेलात तर 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाचा नवा नकार मिळतो. उबुंटूने आपल्या सिस्टिमच्या पायथनला लोकांच्या पिपपासून वाचवायला ते कुंपण घातलं आहे. ते मोडायची जी युक्ती सांगितली जाते ती वापरू नका, आणि तसंही पिपला इंटरनेटच लागतं. ऍपइमेजमध्ये तिचा स्वतःचा पायथन असतो, म्हणून सिस्टिमचा पायथन कितीही पुढे गेला तरी तिला झळ बसत नाही. ऑफलाइन कामासाठी मी ऍपइमेज धरून बसतो ते याच कारणाने.

आता तुम्ही न विचारलेला, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा मुद्दा. ४.०.९ सुद्धा वापरू नका. तुमच्या ऑनलाइन विंडोजवर ३.३.८ आहे आणि ऑफलाइन बाजूला तुम्ही ४.०.९ आणताय. या दोघांचं आपसात जमणार नाही. जुलै २०२० मध्ये आलेल्या ४.० पासून इलेक्ट्रमने अर्धवट सही झालेल्या व्यवहारासाठी पीएसबीटी हा सगळ्या वॉलेटांचा सामाईक साचा स्वीकारला आणि स्वतःचा आधीचा साचा सोडून दिला. मागची सोय ठेवली नाही. त्यामुळे ३.३.८ वर बनवलेला व्यवहार ४ वाल्या यंत्रावर सहीसाठी नेलात तर तो वाचलाच जाणार नाही. लोकांना वाटतं पेनड्राइव्ह खराब आहे, क्यूआर धूसर आहे. तसं काही नसतं, दोन पिढ्या वेगळ्या भाषा बोलत असतात. दोन्ही बाजूंना एकच ताजी आवृत्ती ठेवा. ताज्या आवृत्तीचा आणखी एक फायदा असू शकतो: ऍपइमेजच्या नव्या बांधणीत फ्यूजचं काम करणारा भाग आतच भरता येतो, तशा फाइलींना ही लायब्ररी लागतच नाही.

ऑनलाइन बाजूच्या जुन्या आवृत्त्यांबद्दल आणखी एक. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांवर मोठा फिशिंग हल्ला झाला होता. इलेक्ट्रम कोणाच्याही सर्व्हरला जोडू शकतं, आणि तेव्हा सर्व्हरने पाठवलेला मजकूर खिडकीत जसाच्या तसा, लिंकसकट दिसायचा. चोरांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. व्यवहार पाठवताना 'नवी आवृत्ती इथून घ्या' असा संदेश दिसायचा, आणि ती आवृत्ती म्हणजे किल्ल्या पळवणारा प्रोग्रॅम. ३.३.४ च्या आधीच्या आवृत्त्या यात सापडत होत्या. तुमची ३.३.८ त्यातून सुटते. पण हल्ल्याची रीत लक्षात ठेवा, कारण आज तुम्ही नेमकं नवी आवृत्ती शोधायलाच निघाला आहात. वॉलेटच्या आत दिसलेल्या लिंकवरून किंवा शोधात वर आलेल्या जाहिरातीवरून घेऊ नका. पत्ता स्वतः टाइप करून इलेक्ट्रमच्या अधिकृत साइटवर जा.

उबुंटूच्या ऍप सेंटरमधूनही वॉलेट घेऊ नका. तिथे स्नॅप स्टोअरमधली सॉफ्टवेअरं दिसतात आणि ती बाहेरचे लोकही टाकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सोडस या वॉलेटच्या नावाने तिथे बनावट सॉफ्टवेअर होतं. एका माणसाने त्यात आपले शब्द टाकले आणि त्याचे नऊहून अधिक बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे ४ लाख ९० हजार डॉलर, गेले. खऱ्या एक्सोडसचा त्यात काही दोष नव्हता. नारिंगी रंगाची सरकारी छाप पिशवी दिसली म्हणून आत रेशनचाच तांदूळ असेल असं नसतं.

सही पडताळणीबद्दल थोडं. इलेक्ट्रमच्या प्रत्येक फाइलीबरोबर एक छोटी सहीची फाइल मिळते. इलेक्ट्रम २०११ मध्ये सुरू करणारे थॉमस वोग्टलिन आणि त्यांचे सहकारी त्या सह्या करतात. त्यांची सार्वजनिक किल्ली साइटवरून घ्या, पण तिचा ठसा (फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) दुसऱ्या एखाद्या वेगळ्या ठिकाणीही जुळवून पाहा. जो साइट बदलू शकतो तो साइटवरची किल्लीही बदलू शकतो, म्हणून. मग जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमने आधी ऑनलाइन यंत्रावर तपासा आणि ऑफलाइन यंत्रावर पुन्हा. उबुंटूमध्ये जीपीजी आधीपासून असतं, वेगळं आणायला लागत नाही. 'गुड सिग्नेचर' दिसल्यावर खाली 'या किल्लीवर विश्वासू सही नाही' अशी धोक्याची सूचना येते, तिने दचकू नका. तुम्ही स्वतः त्या किल्लीला हमी दिलेली नाही एवढाच तिचा अर्थ. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र फाइल तिथल्या तिथे उडवा.

जुन्या लॅपटॉपचा बटन सेल संपलेला असला तर इथे एक विनोद होतो. उबुंटू १४.०४ च्या काळात माझ्या एका मशीनचं घड्याळ थेट २००९ मध्ये गेलं होतं. जीपीजी म्हणालं, ही किल्ली भविष्यात तयार झाली आहे. बरोबरच होतं त्याचं, २००९ मध्ये इलेक्ट्रमचा जन्मही झाला नव्हता. तारीख हाताने बदला. त्यासाठी नेट लागत नाही.

आता हलवण्याचं खरं काम. बरेच जण वॉलेटची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून नव्या यंत्रात टाकतात. चालतं ते, पण नवी आवृत्ती जुनी फाइल उघडताना तिची आतली रचना बदलून घेते आणि मग ती फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून करायचंच असेल तर प्रत करून करा. मी मात्र कागदावरच्या बारा शब्दांवरूनच नवं वॉलेट उभं करायला सांगेन, आणि त्यामागे कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी लिहिलेला कागद खरंच बरोबर आहे का, हे तपासायची यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. जुना लॅपटॉप अजून चालतोय तोवरच. आधी त्यावर वॉलेट मेन्यूतलं 'सीड' उघडा आणि कागदाशी शब्दन् शब्द ताडून पाहा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात माळ्यावर ठेवलेला कागद चार पावसाळ्यांनंतर कसा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. वाळवी लागली तर तेवढंही उरत नाही. 'सीड' मेन्यू फिकट दिसत असेल तर तुमचं वॉलेट शब्दांवर नसून सुट्या किल्ल्यांवर बांधलेलं आहे. मग थांबा, ते प्रकरण वेगळं आहे.

शब्द टाकताना दोन गोष्टी. इलेक्ट्रमचे बारा शब्द दिसायला इतर वॉलेटांच्या शब्दांसारखेच असतात, पण नियम वेगळा आहे. इतर वॉलेटं बीआयपी३९ मानक वापरतात, इलेक्ट्रम नाही. त्याच्या शब्दांतच कोणत्या प्रकारचं वॉलेट आहे याची खूण दडलेली असते, म्हणून ते आपोआप ओळखतं की तुमचे पत्ते १ ने सुरू होणारे जुने आहेत की बीसी१ ने सुरू होणारे नव्या सेगविट प्रकारचे. म्हणजे 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन बीआयपी३९ वर टिचकी मारायची नाही. मात्र २०१८ मध्ये तुम्ही 'आणखी काही शब्द जोडा' हा पर्याय घेतला होता का, ते आठवा. घेतला असेल तर तो तेरावा शब्द कुठेही साठवलेला नसतो. तो चुकला तर एरर येत नाही. शांतपणे वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं.

आणि इथेच पोटात गोळा येतो. ऑफलाइन इलेक्ट्रम उघडलं की शिल्लक शून्य दिसते. हे योग्य आहे. नेट नसल्यावर त्याला तुमचे पैसे कुठून कळणार? त्याच्याजवळ फक्त किल्ल्या असतात, हिशेब ब्लॉकचेनच्या साखळीवर असतो. माझ्या ओळखीच्या एकांनी ते शून्य बघून रात्री साडेअकराला फोन केला होता, आवाज थरथरत होता. शिल्लक बघू नका, पत्ता बघा. 'व्ह्यू' मेन्यूतून पत्त्यांचा टॅब चालू करा आणि पहिला पत्ता तुमच्या विंडोजवरच्या वॉच-ओन्ली वॉलेटमधल्या पहिल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. 'वॉलेट' मेन्यूतल्या माहितीत मास्टर पब्लिक की (जिच्यातून वॉलेटचे सगळे पत्ते निघतात) असते, तीही जुळली पाहिजे. दोन्ही जुळलं की वॉलेट तेच आहे. मग शून्य दिसो की काही दिसो.

यंत्र उभं करण्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ते बहुतेक केलंच आहे. २४.०४ चा इन्स्टॉलर नेट जोडायचं का विचारतो तेव्हा नाही म्हणा. डिस्क पासफ्रेजने एन्क्रिप्ट करा. फ्लाइट मोडवर विसंबू नका. तो एक बटण आहे, आणि बटण चुकून दाबलं जातं. मागचं झाकण उघडून वायफायचं कार्ड काढा. बऱ्याच लॅपटॉपवर एक स्क्रू आणि दोन बारीक वायरी एवढंच असतं. कार्ड बोर्डावरच डकवलेलं असेल तर बायोसमध्ये बंद करा, तेही नसे थोडके. मग या प्रश्नात विचारलेला मोहच उरत नाही, कारण जोडायला काही शिल्लकच नसतं. एक मात्र बघा: लॅपटॉप ६४-बिट हवा. इलेक्ट्रमची ऍपइमेज त्यासाठीच बनते आणि उबुंटूनेही १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉपच्या प्रतिमा काढणं बंद केलं.

'१८.०४ ची नेहमीची सुरक्षा अपडेटं २०२३ मध्ये थांबली, मग ऑफलाइन यंत्र नवं करणं भागच आहे का' असंही लोक विचारतात. माझं मत विचाराल तर नाही. नेटला न जोडलेल्या यंत्राला ते घाव बसत नाहीत. त्याचं एकमेव दार म्हणजे पेनड्राइव्ह. तुमचा पडदा लुकलुकतोय हे बदलायला पुरेसं कारण आहे, १८.०४ जुनं झालं हे नाही. आणि बदलायचं तर जागच्या जागी अपग्रेड कधीच करू नका, त्याला नेट लागतं. नवं यंत्र कोरं उभं करायचं आणि जुनं तसंच ठेवायचं. विंडोज ७ वर ऑफलाइन वॉलेट ठेवलेल्यांचंही तेच. पायथनने ३.९ पासून विंडोज ७ सोडलं, त्यामुळे त्यावर नवं इलेक्ट्रम चालेल अशी आशा धरू नका. आणि विंडोज ११ तर बसवतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. ऑफलाइन यंत्रासाठी याहून गैरसोयीचं काय असणार? त्यांनी सरळ लिनक्सवर यावं. टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स तर इलेक्ट्रम सोबत घेऊनच येते आणि सुरुवातीच्या पडद्यावर नेट पूर्ण बंद करायची सोय देते.

आता रंगीत तालीम. विंडोजवर ताजं इलेक्ट्रम बसवा, वॉच-ओन्ली वॉलेट उघडा आणि अगदी थोडी रक्कम स्वतःच्याच पुढच्या पत्त्यावर पाठवायचा व्यवहार तयार करा. त्याची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, किंवा छोटा असेल तर क्यूआर दाखवा. बऱ्याच जुन्या जमा गोळा करून केलेल्या व्यवहाराचा क्यूआर इतका दाट होतो की लॅपटॉपचा कॅमेरा हात टेकतो, मग पेनड्राइव्हच बरा. पडद्यावरचा क्यूआर टिपण्याची सोय उबुंटूच्या वेलँड या पडदा सांभाळणाऱ्या यंत्रणेत दगा देते, तिच्या नादी लागू नका. ऑफलाइन यंत्रावर व्यवहार उघडला की सही करण्याआधी तीन गोष्टी त्याच पडद्यावर वाचा: पैसे कोणत्या पत्त्यावर जाताहेत, परत येणारी मोड आपल्याच पत्त्यावर येते का, आणि फी किती. ऑनलाइन संगणक खोटं दाखवू शकतो, आणि हे सगळं आपण त्यासाठीच करतोय. सही करा, फाइल परत न्या, ब्रॉडकास्ट करा, म्हणजे बिटकॉइनच्या नेटवर्कवर पाठवा. पहिली पुष्टी आली की नवी व्यवस्था चालते.

हा व्यवहार म्हणजे स्वतःकडून स्वतःकडे गेलेले पैसे, विक्री नव्हे. तरी त्याचा आयडी आणि तारीख वहीत लिहून ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. दोन वर्षांनी सीएने 'ही रक्कम कुठे गेली' असं विचारलं तर वही उघडून दाखवता आली पाहिजे.

तालीम होईपर्यंत जुन्या लॅपटॉपला हात लावू नका. झाल्यावरही तो भंगारवाल्याला देऊ नका, किलोमागे मिळणाऱ्या पैशांसाठी तर नाहीच. आधी डिस्क काढा. १८.०४ बसवताना ती एन्क्रिप्ट केली असेल तर तिच्या किल्ल्यांचा भाग पुसला की आतलं सगळं कचरा होतं. केली नसेल, आणि एसएसडी असेल, तर नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट पुरत नाही, कारण एसएसडी जुने तुकडे कुठे ठेवते ते आपल्याला दिसत नाही. मी अशा वेळी आतली काळी चिप हातोडीने फोडतो. फिरणारी डिस्क असेल तर तिला ड्रिलने दोन-तीन आरपार भोकं पाडा. उरलेला लॅपटॉप, पडदा लुकलुकत असला तरी, कोणाला सुट्या भागांसाठी उपयोगी पडेल.

आज रात्री फक्त दोन गोष्टी करा: जुन्या लॅपटॉपवर 'सीड' उघडून कागद ताडून पाहा, आणि ऑनलाइन संगणकावर ताजी ऍपइमेज तिच्या सहीसकट उतरवून घ्या. उलगडताना टर्मिनलने काही वेगळंच तोंड दाखवलं, तर ती ओळ जशीच्या तशी इथे लिहा. फोटो काढून टाकणार असाल तर पडद्यावर शब्द नाहीत ना, हे दोनदा बघा.